ॲमस्टरडॅम ते लिस्बन: अंतर ठरलेलं, वेळ मात्र नाही

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळापासून लिस्बनचा विमानतळ किती लांब, असं इंटरनेटवर विचारलं की चुटकीसरशी उत्तर येतं: साधारण १,८५० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ २ तास ५० मिनिटांच्या आसपास. तिकीट काढायला गेलं की तिथे तीन तास दिसतात. त्याच तिकिटावर वेळा लिहिलेल्या असतात दुपारी १२ ला निघायचं आणि २ ला पोचायचं, म्हणजे दोनच तास. आणि विमानात बसून पट्टा आवळल्यावर कॅप्टन सांगतो की आज हवेत आपण २ तास २५ मिनिटं असू. यांतला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे, एवढंच.

आधी अंतर घेऊ, कारण ते सरळ आहे. रस्त्याने गेलात तर हेच अंतर २,२०० किलोमीटरच्या वर जातं. बेल्जियम, फ्रान्स, स्पेन ओलांडायचे आणि वाटेत बिस्केच्या उपसागराला वळसा घालायचा. विमानाला वळसा नको. चेंडूवर दोन टाचण्या टोचून त्यांच्यात दोरा ताणला, तर तो ज्या रेषेवर बसेल ती त्या दोन टाचण्यांमधली सर्वांत जवळची वाट. शाळेच्या भूगोलात आपण बृहद्वृत्त शिकलो, ते हेच. ॲमस्टरडॅम ते लिस्बन हा दोरा बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सवरून जातो, बिस्केच्या उपसागराचा मोठा पट्टा कापतो, स्पेनच्या अस्तुरियासच्या किनाऱ्यावर परत जमिनीवर येतो आणि ईशान्येकडून पोर्तुगालमध्ये शिरतो. या वाटेचा बरोब्बर मध्य समुद्रावर पडतो.

हे अंतर काढायला कुणी फूटपट्टी लावत नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोघांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते त्रिकोणमितीने काढायचं. स्किपोल ५२.३ अंश उत्तर, ४.८ अंश पूर्व. लिस्बन ३८.८ अंश उत्तर, ९.१ अंश पश्चिम. कोन येतो सुमारे १६.६ अंशांचा. आता एक गंमत बघा. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका मिनिटाच्या कोनाला जेवढं अंतर येतं त्यावरूनच नॉटिकल मैल ठरवला गेला, १,८५२ मीटरचा. म्हणजे १६.६ ला ६० ने गुणलं की झालं, जवळजवळ १,००० नॉटिकल मैल. वैमानिक किलोमीटर सोडून हे माप का धरून बसतात ते इथे कळतं. नकाशावरचा कोन हेच त्यांचं अंतर असतं.

अक्षांश-रेखांशातला फरक सरळ किलोमीटरमध्ये बदलायचा मोह होतो, पण तिथे फसगत होते. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो, लिस्बनच्या अक्षांशावर ८७ चा आणि ॲमस्टरडॅमला जेमतेम ६८ चा. जितकं उत्तरेला जावं तितक्या रेषा एकमेकींजवळ सरकतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात मात्र त्या समांतर आखलेल्या असतात, म्हणून तिथे युरोपचा उत्तर भाग आहे त्यापेक्षा ऐसपैस दिसतो.

तर १,८५० हा आकडा पक्का. तो ऋतू, विमान, कंपनी, संप, कशानेही बदलत नाही. भानगड सुरू होते वेळेपासून.

वेळ सांगणाऱ्या बऱ्याच वेबसाइट एक सोपा हिशोब करतात. सरासरी वेग ताशी ८०० किलोमीटर धरायचा, अंतराला त्याने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. १,८५० भागिले ८०० म्हणजे २ तास १९ मिनिटं, अधिक ३०. झाले २ तास ४९. मध्यम पल्ल्यासाठी हा अंदाज वाईट नाही. पण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी विमानसेवा आहे, अंतर पावणेतीन किलोमीटर. या हिशोबाने तिथे अर्ध्या तासाहून जास्त लागायला हवा. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिली आहेत आणि विक्रम आहे ५३ सेकंदांचा. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे ते. अर्थात तिथे उडतं ते लहानसं पंख्याचं विमान, त्याला ढगांवर जायचंच नसतं.

आपण लिस्बनकडे वळू. या मार्गावर एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या जातीची विमानं उडतात. उंचावर त्यांचा वेग आवाजाच्या वेगाच्या ७८ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. ३६,००० फुटांवर तापमान उणे ५६ अंशांच्या घरात असतं आणि तेवढ्या थंडीत आवाज ताशी १,०६२ किलोमीटरने जातो, जमिनीवरच्यापेक्षा बराच मंद. त्याचे ७८ टक्के म्हणजे ताशी ८२८ किलोमीटर. हा वेग मात्र भोवतालच्या हवेच्या तुलनेत. हवा स्वतः चालत असेल तर जमिनीवरून पाहिलेला वेग वेगळा.

आणि युरोपवर हवा चालत असतेच. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार झोत असतो, जेट स्ट्रीम. उत्तरेची थंड आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या तापमानातल्या फरकावर तो पोसला जातो, म्हणून हिवाळ्यात त्याला जोर चढतो. ताशी २०० किलोमीटर ओलांडणं त्याला जड नाही. ॲमस्टरडॅमहून लिस्बनला जाताना विमान नैऋत्येला तोंड करून असतं, म्हणजे हा वारा तिरका पण समोरून येतो. परतताना तोच पाठीशी.

समजा समोरून येणारा भाग ताशी १०० किलोमीटरचा आहे. सगळा प्रवास उंचावरच झाला असं सोयीसाठी धरू. वारा नसता तर १,८५० किलोमीटरला २ तास १४ मिनिटं लागली असती. समोरच्या वाऱ्यात ती २ तास ३२ होतात, पाठच्या वाऱ्यात बरोबर २ तास. नीट पाहा: जाताना १८ मिनिटं गेली, येताना १४ च परत मिळाली. जाऊन-येऊन फिटंफाट होईल असं वाटतं, पण होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं आणि पाठचा वारा त्याला कमी वेळ लाभतो. वारा असला की येण्या-जाण्याच्या फेरीत कंपनीचं नुकसानच.

म्हणून कधीकधी विमान सरळ रेषा सोडून मुद्दाम लांबून जातं. शंभर किलोमीटर जास्त काटले आणि झोताच्या बाहेर राहिलं तर इंधन वाचतं. त्यात आणखी एक व्यवहार आहे. ज्या ज्या देशाच्या आकाशातून जाल त्याचं शुल्क द्यावं लागतं, विमानाचं वजन आणि अंतर बघून, आणि दर देशागणिक वेगळा. हे पैसे गोळा करायचं काम ब्रसेल्समधली युरोकंट्रोल ही संस्था बहुतेक युरोपसाठी एकत्र करते. वारा, इंधन, शुल्क, तीनही तोलून कंपनीचं सॉफ्टवेअर रोजचा मार्ग काढतं. काल ज्या गावावरून गेलात त्यावरून आज जालच असं नाही.

पूर्वी तर विमानांना आखून दिलेल्या हवाई वाटांवरूनच जावं लागे, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत, नागमोडी. आता युरोपच्या वरच्या आकाशात बहुतेक ठिकाणी प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा बिंदू निवडून मधून सरळ जायची मुभा आहे. ही सुरुवात सगळ्यांत आधी केली पोर्तुगालने, २००९ मध्ये. युरोपातला एवढासा देश यात पुढे निघाला याचं मला कौतुक वाटतं.

जमिनीवरची मिनिटं

आतापर्यंत आपण हवेतच होतो. खरी गोची जमिनीवर आहे.

तिकिटावरचे तीन तास हे गेट ते गेट असतात. विमान गेटवरून हललं तिथे घड्याळ सुरू, दुसऱ्या गेटला जाऊन थांबलं तिथे बंद. विमान कंपन्यांच्या भाषेत हा ब्लॉक टाइम. स्किपोलच्या बाबतीत यातला पहिला तुकडा फारच लवचिक आहे, आणि त्याचं कारण धावपट्ट्या.

स्किपोलला सहा धावपट्ट्या आहेत. त्यांतली पोल्डरबान २००३ मध्ये सुरू झाली, ३,८०० मीटर लांब. आजूबाजूच्या वस्त्यांना आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून ती इतकी दूर बांधली आहे की गेटपासून तिथवर विमान जमिनीवरून चालत न्यायला १० ते २० मिनिटं लागतात. वाटेत ए-फाइव्ह महामार्गावरचा पूल लागतो. खिडकीतून खाली पाहिलं तर मोटारी तुमच्या विमानाखालून जाताना दिसतात. पुन्हा त्या धावपट्टीवरून उड्डाण होतं फक्त उत्तरेकडे. जायचंय नैऋत्येला आणि निघायचं उत्तरेला, मग डावीकडे वळत वळत दिशा पकडायची.

याउलट कागबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून जवळ आहे आणि तिच्यावरून नैऋत्येला उडता येतं, थेट लिस्बनच्या दिशेने. कुठली वाट्याला येईल ते मुख्यतः वारा ठरवतो, कारण विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उडायचं असतं. थोडक्यात, नैऋत्येचा वारा असला तर जमिनीवर वेळ वाचतो आणि हवेत जातो. उत्तरेचा असला तर उलट. प्रवाशाने कुठल्या वाऱ्यासाठी नवस बोलावा हा प्रश्नच आहे.

यात आणखी भर पडते स्लॉटची. फ्रान्सवरच्या आकाशात गर्दी झाली, वादळी ढग आले किंवा तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप पुकारला (आणि तो ते पुकारतात) की युरोकंट्रोल प्रत्येक विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ देतं. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत उडायचं. चुकलं की नवी वेळ मागायची. दारं बंद करून विमान गेटला निवांत उभं आहे आणि कुणी काही सांगत नाही, अशा वेळी बऱ्याचदा हे असतं. विमानं हवेत घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबलेली बरी, इंधनाच्या दृष्टीनेही आणि सुरक्षेच्याही.

लिस्बनच्या बाजूची कथा वेगळी. तिथला विमानतळ शहरातच आहे, घरांनी वेढलेला, आणि वापरात धावपट्टी एकच. २०१६ पासून त्याला हुकूमशाहीविरुद्ध उभे राहिलेले पोर्तुगीज जनरल उंबेर्तो देल्गादो यांचं नाव आहे. नवा विमानतळ टेगस नदीपलीकडे आल्कोशेत भागात बांधायचं सरकारने मे २०२४ मध्ये जाहीर केलं, पण तो होईपर्यंत सगळा भार या एका पट्टीवर.

उतरणं सुरू होतं बरंच आधी. वैमानिकांचा सोपा ठोकताळा असा की दर हजार फूट खाली यायला तीन नॉटिकल मैल लागतात. ३६,००० फुटांवरून यायचं तर १०८ नॉटिकल मैल, म्हणजे २०० किलोमीटर. पोर्तुगालच्या मध्यावर असतानाच इंजिनांचा आवाज मवाळ होतो आणि कानात दडे बसू लागतात, ते यामुळे. १०,००० फुटांखाली साधारणपणे वेगही ताशी ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. आता लिस्बनला बहुतेक दिवस वारा उत्तरेकडून असतो. म्हणून उतरायचंही उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे दक्षिणेकडून येऊन. उत्तरेहून आलेलं आपलं विमान शहराला बाजूला ठेवून पुढे निघून जातं, दक्षिणेला जाऊन वळतं आणि मग नदी ओलांडून लाल कौलांच्या छपरांवरून खाली येतं. नवख्या माणसाला वाटतं, उतरायचं राहिलं वाटतं. दृश्य सुंदर असतं, पण त्यात पाच-दहा मिनिटं सहज जातात, आणि रांगेत पुढे विमानं असतील तर त्याहून जास्त.

हे सगळं धरून कंपनी वेळापत्रक बनवते आणि वर थोडी उशी ठेवते. कारण वेळेवर पोचण्याचं प्रमाण मोजताना १५ मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरत नाहीत, आणि उशी जितकी जाड तितका हा आकडा चांगला दिसतो. “आपण वेळेआधी पंधरा मिनिटं पोचलो आहोत” ही घोषणा ऐकून टाळ्या वाजवायचं कारण नाही. ती मिनिटं तुमच्याच तिकिटात आधीपासून घातलेली होती. मला यात लबाडीपेक्षा व्यवहार दिसतो. ज्याला पुढचं विमान पकडायचं आहे त्याला खरी सरासरी वेळ कामाची नाही, वाईट दिवशीची वेळ कामाची आहे.

बारा ते दोन, पण दोन तास नव्हे

तिकिटावरची स्थानिक वेळ हा गोंधळाचा सोपा भाग. नेदरलँड्सचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे. जाताना १२ ला निघून २ ला पोचता, प्रत्यक्षात तीन तास. येताना १२ ला निघालात तर पोचायला दुपारचे चार वाजायला आलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश एकाच क्षणी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, त्यामुळे हा एक तासाचा फरक वर्षभर तसाच राहतो. फरक बदलतो तो भारताशी. आपण घड्याळ हलवत नाही, म्हणून लिस्बन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच. घरी फोन करायचा असेल तर हे ध्यानात ठेवावं.

१९९२ ते १९९६ या काळात पोर्तुगालने मध्य युरोपचं घड्याळ लावून पाहिलं होतं. हिवाळ्यात सकाळ उजाडेना आणि उन्हाळ्यात रात्र होईना, तेव्हा ते परत आपल्या वेळेवर आले. शेजारचा स्पेन मात्र बराच पश्चिमेला असून आजही बर्लिनच्या घड्याळावर चालतो.

मुंबईहून ॲमस्टरडॅममार्गे लिस्बनला जाणाऱ्यांनी एक धरून चालावं: दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, म्हणून पासपोर्टची तपासणी ॲमस्टरडॅमलाच होते आणि पुढचा प्रवास देशांतर्गत असल्यासारखा. रांग लांबली तर तो वेळ तुमच्या मधल्या थांब्यातून जातो, उड्डाणाच्या वेळात तो कुठेच दिसत नाही.

अंतर तेच आणि वेळ भलतीच, याचं टोकाचं उदाहरण युरोपातच आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं, आणि रशिया व युरोपीय संघाने एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाश बंद केलं. मॉस्कोहून रशियाच्याच, पण मुख्य भूमीपासून तुटलेल्या आणि लिथुआनियापलीकडे असलेल्या कालिनिनग्राडला जाणारं विमान तेव्हापासून लिथुआनियावरून जाऊ शकत नाही. ते उत्तरेला फिनलंडच्या आखातात जातं आणि बाल्टिक समुद्रावरून वळसा घालून येतं. दोन तासांच्या आतला प्रवास जवळजवळ तासाने वाढला. हेलसिंकी ते टोकियो तर साडेनऊ तासांच्या आसपासचा होता, तो तेरापर्यंत गेला. अंतर सांगणाऱ्या वेबसाइटवर दोन्हींचे किलोमीटर आजही तेच आहेत.

मग त्या सरळ रेषेतल्या किलोमीटरचा प्रवाशाला उपयोग काय? एका ठिकाणी आहे, आणि तो थेट खिशाशी आहे. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम सांगतो की विमान रद्द झालं किंवा तीन तास अथवा जास्त उशिरा पोचलं आणि चूक कंपनीच्या अखत्यारीतली असेल, तर भरपाई द्यायची. किती, ते ठरतं बृहद्वृत्तावरच्या अंतरावरून, प्रत्यक्ष उडालेल्या वाटेवरून नाही. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. त्याहून जास्त असलेल्या, पण संघाच्या आतल्या प्रवासाला ४०० युरो. ॲमस्टरडॅम ते बार्सिलोना पहिल्या गटात बसतं, ॲमस्टरडॅम ते लिस्बन दुसऱ्या. प्रवासी कुठल्या देशाचा याला महत्त्व नाही. विमान संघातून निघालेलं असलं की झालं. मुंबईहून युरोपीय कंपनीच्या एकाच तिकिटावर लिस्बनपर्यंत गेलात, तर अंतर मुंबई ते लिस्बन असं सरळ मोजतात, मधला थांबा विसरून, आणि तो गट ६०० युरोंचा आहे.

वादळ किंवा नियंत्रकांचा संप असेल तर सहसा भरपाई मिळत नाही. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप मात्र ही सबब म्हणून चालत नाही, असं युरोपच्या न्यायालयाने सांगितलं आहे.

आणि पोचण्याची वेळ कोणती धरायची, हाही वाद २०१४ मध्ये त्याच न्यायालयात गेला. चाकं टेकली ती? गेटला थांबलं ती? न्यायालयाने दोन्ही नाकारल्या. विमानाचं निदान एक दार उघडतं ती वेळ, कारण तोवर प्रवासी अडकलेलाच असतो, फोन-मेल-कामधंद्यापासून तुटलेला. म्हणजे २ ला पोचायचं विमान ४ वाजून ५२ मिनिटांनी लिस्बनच्या त्या एकुलत्या धावपट्टीवर टेकलं, गेट रिकामं होईपर्यंत ताटकळलं आणि दार ५ वाजून १ मिनिटाने उघडलं, तर उशीर धरायचा तीन तास एक मिनिटाचा. अशा वेळी मोबाइल काढून दार उघडल्याचा फोटो घेऊन ठेवावा. त्यावर वेळ आपोआप नोंदलेली असते.